शटर बाहेरून बंद

९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाचीत साड्यांच्या दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मेले. दाराला कुलूप होतं, तेही बाहेरून. २३ मार्च २०२२ ला हैदराबादच्या भोईगुड्यात भंगाराचं गोदाम पेटलं आणि वरच्या मजल्यावर झोपलेले बिहारचे अकरा मजूर गेले. ३१ डिसेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्यात सहा जण गेले. तेही रात्री आतच झोपले होते.

गावं वेगळी, माल वेगळा, पण वेळ तीच आणि मरणारी माणसंही त्याच परिस्थितीतली.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत इमारतींचे वर्ग पाडलेले आहेत. राहण्याच्या इमारतींचा वर्ग वेगळा, साठवणुकीच्या इमारतींचा वेगळा. आराखडा मंजूर होतो तो गोदामाचा. रात्री मात्र तिथे बिनपरवाना वसतिगृह चालतं. खोलीचं भाडं मजुराला परवडत नाही, पहाटेची गाडी खाली करायला शेठला माणूस हाताशी हवा असतो, त्यामुळे दोघांचंही भागतं. मग चोरीच्या भीतीने शटर ओढून बाहेरून कुलूप लागतं आणि चावी शेठच्या घरी जाते.

नियम इथे अगदी स्पष्ट आहेत. बाहेर पडायचं दार आतून, चावीशिवाय उघडलं पाहिजे. वरून खाली येणारं शटर किंवा सरकतं दार ही सुटकेची वाट धरलीच जात नाही. म्हणजे ज्या गोदामाला फक्त शटर आहे, त्याला कायद्याच्या हिशेबात दारच नाही. भिवंडीपासून वाघोलीपर्यंत अशी किती गोदामं आहेत, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

एखाद्या गोदामात हंगामाच्या तोंडावर जाऊन बघा. पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी थेट पत्र्याला टेकलेली असते. पाण्याच्या फवाऱ्याखाली निदान दीड फूट जागा मोकळी लागते, नाहीतर पाणी पसरतच नाही, वरच्या खोक्यावर पडून तिथेच जिरतं. दोन थप्प्यांमधल्या वाटेत हातगाडी आणि गाद्या. नळाची पेटी मालामागे गेलेली. थर्माकोल आणि प्लास्टिक पेटलं की काळा धूर आधी छताला साठतो आणि मग खाली उतरतो. झोपलेला माणूस ज्वाळा पाहायच्या आधीच गुदमरतो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी तो मालकावर टाकतो आणि जागा वापरणाऱ्यावरही. 'भाड्याची जागा आहे' ही सबब चालत नाही. दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पण त्या संस्थेला पैसे देतो कोण? ज्याचं गोदाम तपासायचं, तोच. आणि तपासणी होते दिवसा, शटर उघडं असताना, माणसं कामावर असताना. तेव्हा सगळं ठीकच दिसतं.

म्हणून अग्निशमन अधिकाऱ्यांना एकच मागणी आहे: रात्री अकरानंतर जा. कुलूप कुठल्या बाजूने आहे आणि आत किती जण झोपलेत, एवढंच मोजा. माणूस आत आणि कुलूप बाहेर असेल तर गोदामाला सील ठोका, नोटिशीचा खेळ नको.

आणि गोदाममालकांनो, मागच्या भिंतीत एक दार पाडा, ढकलताच बाहेर उघडणारं. चोरीची भीती असेल तर त्याला भोंगा जोडा. ते होईपर्यंत आत कुणाला झोपवू नका, आज रात्रीही नाही.