नांदेडात पेटी शिकताना

आधी पेटी मिळवा. नवी घेऊ नका. कुणाच्या तरी माळवदाच्या घरात गाठोड्यांखाली एक असतेच. भात्याला उंदरांनी भोकं पाडली असतील तर उत्तम. पहिला महिनाभर शेजाऱ्यांना त्रास कमी.

वडीलधारे म्हणतील, हे आपलं वाद्य. मान डोलवा. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने १८४० च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा हवा पायाने भरावी लागे. पुढे कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताची पेटी केली आणि साहेबाचं वाद्य सतरंजीवर आलं. नाटकवाल्यांनी मात्र पायाचा ऑर्गन सोडला नाही.

आता भाता. सा रे ग म नंतर. बुवा श्वास घेतील तिथे तुमच्या भात्याने श्वास घ्यायचा नाही, एवढं जमलं तरी अर्धी पेटी आली.

मग मींड काढून बघा. निघणार नाही. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर पेटीत नाहीच. मुख्यतः याच आक्षेपावरून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीला बाहेर काढलं, ते थेट १९७१ पर्यंत. आपल्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर भीमसेन जोशींच्या साथीला बसत, तेव्हा हा आक्षेप कुणाला आठवत नसे. ते कसं, हे नवशिक्याने विचारू नये.

सप्ताहात बसायची वेळ येईलच. पट्टी विचारा. बुवा ‘काळी चार’ सांगतील आणि टाळ तापले की न सांगता पाचवर जातील. स्केलचेंजर असेल तर पट्ट्यांची अख्खी फळी सरकवा, नसेल तर बोटं. बेसूर कोण झालं, हे आधीच ठरलेलं असतं. जीव रमवायला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन कीर्तन ऐका. तिथे रागी स्वतःच वाजवतात नि स्वतःच गातात, त्यामुळे हा तंटा नाही.

वरातीचं बोलावणं आलं तर पेटी घरीच ठेवा. तिथे बेंजो लागतो. म्हणजे टाइपरायटरसारख्या बटणांचा, कर्ण्याला जोडलेला बुलबुलतरंग; मूळ जपानी. पट्टीची काळजी नको, कारण गाणारं कुणी नसतं. फर्माईश एकच, नागीण. नवरदेवाचा मामा दातात रुमाल धरून रस्त्यावर लोळू लागेल. १९५४ च्या ‘नागिन’मधली ती पुंगी म्हणजे कल्याणजींचं क्लॅव्हायोलिन आणि रवींची हार्मोनियम, पुंगी नव्हेच, हे मामाला वरात संपेपर्यंत सांगू नका.