खापराविना खल

पुरातत्त्वाच्या एम.ए.ला सिद्धान्ताचा पेपर असतो. त्यात कुदळ लागत नाही, कपडे मळत नाहीत. १९६२ साली लुईस बिनफर्ड यांनी बजावलं की पुरातत्त्व हे मानवशास्त्रच आहे. मग गृहीतकं मांडा, तपासा! वीसेक वर्षांनी इयन हॉडर म्हणाले, वस्तूंना अर्थ असतो, तो संदर्भातून वाचावा लागतो. मुलं दोघांनाही गुणांपुरती मानतात.

आता इनामगाव घ्या. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत प्रौढ माणसं घरातच पुरलेली सापडली, तीही घोट्याखालचे पाय तोडून. मेलेल्याने उठून चालू लागू नये म्हणून, असा एक तर्क. साधा, गावातल्या आजीलाही पटेल असा. आमच्या सिद्धान्तवाल्याचं एवढ्यावर भागत नाही. सत्ता कोणाची? मृताचं कर्तेपण कुठे गेलं? पायांच्या अभावाचं राजकारण काय? वीस पानं होतात. इनामगाव शिरूर तालुक्यात आहे, हे मात्र त्याला मोबाइल सांगतो.

तोंडी परीक्षेत कुणी खवट परीक्षक हातात खापर ठेवतो. चाकावरचं की हाताने घडवलेलं?

“सर, ते बघणाऱ्यावर अवलंबून आहे.”