साडेएकतीस अंश

येलहंका न्यू टाउन, बंगळूर
२ मार्च २०२५

ती. सौ. आत्यास,


आम्ही सगळे खुशाल. विशेष एवढंच की आमच्या जेवणघरात फ्रिजशेजारी सध्या अजगराची सहा अंडी आहेत. घाबरू नकोस, आणि बाबांना तर मुळीच सांगू नकोस.

वरच्या मजल्यावरच्या मुलाने बॉल पायथन पाळलेत. हा आफ्रिकेतला अजगर. चार-पाच फुटांपलीकडे सहसा जात नाही आणि भ्याला की अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवतो. मुलाच्या घरी रंगकाम निघालं आणि त्याच वेळी हुबळीला बहिणीचं लग्न. म्हणून इन्क्युबेटर आमच्याकडे आला. जिन्यावरून तो पालखीसारखा उतरवला, कारण ही अंडी उलटून चालत नाहीत. कोंबडी आपली अंडी फिरवत बसते. इथे आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटलेला असतो, म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने खूण आहे.

यंत्र म्हणजे काय, तर थर्माकोलचं खोकं, आत गरम होणारी वायर, पाण्याच्या बाटल्या आणि बाहेर लाल आकडे दाखवणारा थर्मोस्टॅट. त्याचा सेन्सर अंड्यांच्या अगदी शेजारी, नाहीतर तो भलतीकडचीच हवा मोजत बसायचा. आकडा हवा साडेएकतीस. थोडा वेळ गार झालं तर निभतं, पण पस्तिशीकडे सरकलं तर पिल्लं आतच जातात. वीज गेली तर बाटल्यांतलं पाणी बराच वेळ ऊब धरून ठेवतं.

पण आत्या, खोक्याचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. आमच्या घरच्यांना कोण सांभाळणार? झाकण उघडलं की ऊब आणि दमटपणा दोन्ही पळतात; तरी दिवसभर कुणी ना कुणी 'नुसतं बघतो' म्हणत तिथे उभं. सासूबाईंनी 'रात्री गारठा असतो' म्हणून खोक्यावर गोधडी घातली. मामंजींना आतल्या थर्मामीटरवर विश्वास नाही. त्यांनी तो उकळत्या पाण्यात तपासायचं ठरवलं. मी म्हटलं, बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंच, इथे पाणी सत्त्याण्णवलाच उकळतं. मग बिचाऱ्या थर्मामीटरवर आळ यायचा. शेवटी बर्फाच्या चुऱ्यात धरला, शून्य दाखवलं, तेव्हा कुठे मामंजी रोजच्या नोंदी ठेवायला तयार झाले. आता त्यांच्या वहीत रक्तदाबाशेजारी अंड्यांचा रकाना आहे. गेल्या महिन्यात एरो इंडिया प्रदर्शनातली विमानं डोक्यावरून गेली तेव्हा खिडक्या थरथरल्या, आणि मामंजी दोन्ही हातांनी खोकं धरून उभे! विमानं त्या वेळी मुलांनी पाहिली.

तुझं बरं आहे. तुमच्या वेळासच्या किनाऱ्यावर सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सुरुवात केली, तेव्हापासून कासवांची अंडी राखली जातात. घरट्यातली शंभरेक अंडी उचलायची, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, भोवती कुंपण, आणि पुढचं वाळू बघते. वाळू जास्त तापली तर माद्या, कमी तापली तर नर, हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "माणसांत नाही हे बरं झालं. लोकांनी बाळंतिणीच्या खोलीत आधी एसी बसवला असता." अजगरांत मात्र नर-मादी आईबापांकडूनच ठरून येतं.

आपल्याकडची मोठी अजगरीण तर अंड्यांभोवती वेटोळं घालून अंग थरथरवते आणि स्वतःच ऊब तयार करते. भारतातून गेलेल्या एका फ्रेंच माणसाने १८३२ मध्ये पॅरिसच्या विद्वानांना हे सांगितलं, तर त्यांनी मानलं नाही. १८४१ मध्ये तिथल्याच प्राणिसंग्रहालयात अजगरीण अंड्यांवर बसली आणि थर्मामीटर लावून पाहिल्यावर पटलं. मामंजींची जात तिकडेही आहे!

आणि हे सगळं कायद्याने आहे बरं का. परक्या देशांतले असे प्राणी पाळायचे तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पिल्लं जन्मली तर तीही कळवायची. आपल्या परसातल्या धामणीची अंडी मात्र अशी घरात आणायची सोय नाही. ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे धाकट्याला बजावून ठेव. मे महिन्यात तो तुझ्याकडेच येणार आहे.

वरच्या मुलाचा काल फोन आला. एवढं सांभाळलंत म्हणून एक पिल्लू आम्हाला भेट द्यायचं म्हणतो. मुलं नाचायला लागली, मामंजींनी वहीचं नवं पान उघडलं. मी विचारलं, भेट दिली तर पुन्हा अर्ज, पुन्हा नोंद आमच्या नावावर ना? तो हो म्हणाला. मग ते काम मी ह्यांच्याकडे सोपवलं. सोसायटीच्या पार्किंगचा फॉर्म ह्यांच्या टेबलावर गेल्या दिवाळीपासून पडून आहे, तेव्हा मी निश्चिंत आहे.

तुमच्या वेळासच्या कासव महोत्सवाची तारीख कळव. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझी भाची