श्री. कोरे पान यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. कोरे पान (अनोळखी फाइलीचे चिन्ह; पांढरे, कोपरा दुमडलेले),
मुक्काम : डी ड्राइव्ह, 'जुने काम' फोल्डर,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : चेहरा दाखवण्याबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, लग्नसराई तोंडावर आली आहे, औरंगपुऱ्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं आहे आणि आपण ढिम्म आहात. फोल्डर उघडावं तर पहिल्या ओळीत आपणच, दुसऱ्या ओळीत आपणच, खाली स्क्रोल करावं तरी आपणच. कुठे पत्रिकेवरचा गणपती, कुठे किराणा दुकानाचं बिलबुक, कुठे भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. बाहेरून मात्र सगळे एकाच रंगाचे, एकाच मापाचे. इतकी समता घटनाकारांनाही साधली नाही.

परवाचीच गोष्ट घ्या. वैजापूरकडचे एक काका मुलीच्या पत्रिकेसाठी सहकुटुंब आले. "आमच्या साडूंकडे होती ना, ती मोराची डिझाइन काढा," म्हणाले. आता आपल्या कपाळी लिहिलेली नावं पाहा : 'फायनल', 'फायनल 2', 'फायनल नवीन', 'फायनल खरी', 'पाटील लेटेस्ट'. अंदाजाने 'फायनल खरी'वर डबल क्लिक केलं. सॉफ्टवेअर सावकाश उघडलं, दोन फॉन्ट सापडत नसल्याची तक्रार त्याने नोंदवली आणि मग स्क्रीनभर झळकलं : 'भावपूर्ण श्रद्धांजली'. काकू उठून उभ्याच राहिल्या. काका म्हणाले, "जरा गुलमंडीत जाऊन येतो." अजून आलेले नाहीत.

आपलं म्हणणं असं, की ही फाइल आपल्या ओळखीची नाही. जेपीजी, पीएनजी ही घरची मंडळी, त्यांचं चित्र लगेच दिसतं. सीडीआर, पीएसडी, ईपीएस परकी. त्यांची ओळख पटवून देणारा प्रोग्राम आधी बसवा, मग बघू. पण महोदय, यातल्या बहुतेक फाइली स्वतःचं छोटं चित्र पोटात घेऊनच येतात. 2008 च्या एक्स-फोर आवृत्तीपासून कोरल ड्रॉची सीडीआर फाइल म्हणजे आतून साधी झिप फाइल. शेपटीचं 'सीडीआर' पुसून 'झिप' लिहिलं तर ती उघडते आणि आत लहानसं चित्र असतं. फोटोशॉपची पीएसडी सहसा आपलं चिमुकलं जेपीजी सोबत ठेवते. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यातली रॉ फाइलही तशीच. म्हणजे पाहुणा स्वतःचा फोटो हातात धरून दारात उभा, आणि आपण दार न उघडताच 'ओळखत नाही' म्हणून मोकळे!

आयफोनवाल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. 2017 पासून त्यांचे फोटो एचईआयसी नावाने येतात. ते कमी जागेत मावतात हे खरं. पण ज्या तंत्राने ते दाबले जातात त्यावर पेटंटं आहेत, म्हणून विंडोजवर ते पाहण्यासाठी अनेकदा वेगळी जोडणी घ्यावी लागते, आणि तिच्यातल्या एका भागाला पैसेही पडू शकतात. नवरदेवाने स्वतःच्या फोनवर काढलेला स्वतःचा फोटो, आणि तो पत्रिकेवर टाकायला परवानगी तिसऱ्याचीच.

फाइलींच्या नावांचा दोष आमच्या धंद्याचा आहे, हे मान्य. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव कोरलं, सोबत तारीख टाकली : 28 एप्रिल 1819. भिंत खराब केली ती केलीच. पण दोनशे वर्षांनंतरही कोण आणि कधी, हे कळतं. आमच्या 'पाटील लेटेस्ट'मधले पाटील कोण आणि लेटेस्ट कधीचं, हे पाटलांनाही सांगता येत नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये शहराच्या नावबदलाला केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबरात जिल्ह्याचं नावही बदललं. मग लेटरहेड, पावतीपुस्तकं, शिक्के, पाट्या यांची रीघ लागली. प्रत्येकाचं एकच म्हणणं : "काही नाही हो, फक्त गावाचं नाव बदला, बाकी तेच ठेवा." ते 'बाकी तेच' नेमकं कोणत्या पांढऱ्या चौकोनात आहे, हे आपल्यालाच ठाऊक होतं, आणि आपण तोंड उघडलं नाही.

आपली बाजूही मांडायला हवी. चित्र दाखवायचं तर फाइल आतून वाचावी लागते, आणि वाचताना दगा होऊ शकतो. 2005 च्या डिसेंबरात डब्ल्यूएमएफ चित्रांतली अशीच खोट उघड झाली; नुसतं फोल्डरमध्ये थंबनेल दिसलं तरी विंडोजमध्ये घुसखोरी होऊ शकत होती. तेव्हा अनोळखी फाइल न उघडणं हा शहाणपणाच. पण 1996 साली इरफान स्किल्यान यांनी एकट्याने सुरू केलेला इरफानव्ह्यू हा लहानसा प्रोग्राम कितीतरी परक्या फॉरमॅटांना ओळखतो. विंडोजसारख्या एवढ्या मोठ्या यंत्रणेला त्यासाठी वेळ नाही, हे पटत नाही.

सबब मागण्या येणेप्रमाणे :

1. ज्या फाइलीत स्वतःचं चित्र आहे, ते दाखवावं. त्यासाठी अख्खं महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लावू नये.

2. जिथे चित्र नाही, तिथे निदान फाइल कोणत्या आवृत्तीची हे लिहावं. 'व्हर्जन डाउन करून पाठवा', म्हणजे जुन्या आवृत्तीत सेव्ह करून पाठवा, हा निरोप फाइल उघडायच्या आधी धाडता येईल.

3. वरील जमत नसल्यास तसं लेखी कळवावं.

उत्तराची वाट पाहण्याइतका मोकळा वेळ आमच्याकडे नाही. आजपासून दुकानात प्रत्येक सीडीआरशेजारी त्याच नावाचं छोटं जेपीजी ठेवलं जाईल आणि नावात गिऱ्हाईक, काम व तारीख राहील. 'फायनल' हा शब्द फाइलीच्या नावात टाकणाऱ्याने त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा पाजायचा. लग्नसराई संपेपर्यंत एक तर फोल्डर सुधारेल, नाहीतर समोरच्या टपरीवाल्याचं भलं होईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक डीटीपी ऑपरेटर