शर्टाला पाक

पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचणारा नवरा कोणत्याही बाईच्या नशिबी येऊ नये, असं आमच्या हिचं मत आहे. ती धुण्याची पावडर घेताना वास घेते, भाव विचारते आणि पिशवीत टाकते. मी दुकानातच चष्मा पुसायला घेतो. मागे उभी गिऱ्हाइकं खाकरायला लागतात.

गेल्या वैशाखात अशाच एका पाकिटावर मला ‘एन्झाइम’ दिसलं. अर्धं आयुष्य पोरांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला असं काही दिसलं की तो गप्प राहू शकत नाही. घरी येऊन मी चहाच्या आधी व्याख्यान सुरू केलं. एन्झाइम म्हणजे पाचकरसातला कामकरी. आपल्या लाळेत असतो, पोटात असतो, तसलेच पावडरीत घालतात. प्रोटिएज दूध, रक्त, अंडं असल्या प्रथिनांच्या डागाचे तुकडे पाडतं. लायपेज तेलातुपाचा समाचार घेतं. अमायलेज पेज आणि खिरीतल्या पिष्टाला कापतं. चौथ्या सेल्युलेजकडे मी वळणार, तेवढ्यात इतिहास सांगायची हुक्की आली. 1913 साली ऑटो रोम नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातला रस कपडे धुवायला वापरला आणि त्याचं पेटंटही घेतलं.

“स्वादुपिंड म्हणजे रे?” आईने माळ थांबवून विचारलं.

मी जागा दाखवून खुलासा केला. आई उठली आणि दोरीवरचं आपलं रेशमी सोवळं काढून आत घेऊन गेली. मी मागोमाग जाऊन सांगितलं, की आता जनावराचं काही नसतं, हे सगळं जिवाणू आणि बुरशीकडून करून घेतात. बुरशी ऐकल्यावर तिने सोवळ्याची बादलीच वेगळी केली आणि त्यात रिठे टाकले. वाईट याचं वाटलं, की शास्त्र तिच्याच बाजूचं निघालं. रेशीम हे स्वतःच प्रथिन. प्रोटिएजला डाग कुठला आणि सोवळं कुठलं हे कळत नाही. लोकरीचंही तेच. हिने हे ऐकलं आणि पैठणीच्या कपाटाची किल्ली कमरेला लावली.

राहिलं सेल्युलेज. त्या रात्री मोबाइलवर त्याच्याबद्दल वाचलं आणि माझी झोप उडाली. कापूस म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोज, आणि सेल्युलेजचं काम सेल्युलोज तोडण्याचं. म्हणजे ही पावडर डाग खाऊन झाल्यावर शर्टाकडे वळणार! पुढे तर कहरच होता. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे कुजून जायला लागले, आणि शोध घेतल्यावर गुन्हेगार निघाली एक बुरशी. ट्रायकोडर्मा रीसी असं तिचं नाव पुढे पडलं. तिचा धंदा हाच, सेल्युलेज सोडायचं आणि कापूस पचवायचा. तंबू जिथे टिकले नाहीत तिथे माझ्या पायजम्याची काय कथा?

सकाळी मी दोरीवरचा एकेक कपडा उन्हाकडे धरून तपासला. बनियनवर पुरावाच सापडला.

“बघ, चाळणी झाली!”

“ती भोकं पावडर बदलायच्या आधीची आहेत,” ही म्हणाली. “नवा बनियन आणा म्हणून दिवाळीपासून सांगतेय.”

वाचन पुढे नेलं तेव्हा जीव जरा खाली पडला. पावडरीतलं सेल्युलेज चिमूटभर असतं, आणि धाग्याच्या आतला घट्ट गाभा त्याच्या हाती लागत नाही. वारंवार धुऊन सुती कापडावर जी बारीक लव उभी राहते, गोळे धरतात, तेवढीच ते न्हाव्यासारखं भादरून टाकतं. लव गेली की कापड मऊ लागतं आणि विटलेला रंगही उठून दिसतो. जपानमध्ये काओ कंपनीने 1987 साली असं सेल्युलेज घातलेली पावडर बाजारात आणली होती. हां, मात्रा वाढली आणि वेळ वाढला तर धागा कमजोर होतो, पण त्यासाठी कापड कारखान्याच्या हौदात पडावं लागतं. जीनच्या पँटी मुद्दाम जुनाट दिसाव्यात म्हणून हल्ली दगडांनी घासण्याऐवजी सेल्युलेजमध्ये घोळवतात. माझ्या पँटी आपोआपच जुनाट दिसतात, तो वेगळा विषय.

इथे थांबलो असतो तर घराण्याची अब्रू राहिली असती. पण पुतण्याचा साखरपुडा ठरला. कार्यालय संगमनेरचं. ही तयारीसाठी आदल्या दिवशीच जावेकडे गेली. माझा पांढरा सुती नेहरू शर्ट धुऊन, खळ करून, कडक इस्त्री करून आणायचं काम माझ्याकडे आलं. जाताना तिने सांगितलं होतं, “शर्ट चांगला दोन-तीन पाण्यातून काढा, आणि मग खळ करा.”

दोन-तीन पाणी! आमच्याकडे वर भंडारदरा, मध्ये निळवंडे, गावातून प्रवरा, आणि वैशाखात नळाला करंगळीएवढी धार. धरण उशाला आणि कोरड घशाला. मी विज्ञाननिष्ठ मार्ग काढला. एन्झाइमला कोमट पाणी आणि निवांत वेळ लागतो, म्हणून शर्ट फेसात भिजवला. घासला. मग नुसता वरवर पिळून त्याच बादलीच्या तळाशी राहिलेल्या पाण्यात खळ ओतली. एका पाण्यात दोन कामं. खळही साधी नव्हे. राजूरकडच्या इंद्रायणी तांदळाची, चमचा उभा राहील अशी घट्ट पेज.

चहा पिऊन आलो तर बादलीत ताकासारखं पाणी.

मला वाटलं पेज कमी पडली. आणखी शिजवली, ओतली, ढवळली. तीही पातळ. मग ईर्षेला पेटून डब्यातला उरलेला तांदूळ चढवला. आमचं गाव अगस्ती ऋषींचं. प्रवरेकाठी त्यांचा आश्रम आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. वातापी राक्षस बोकड होऊन लोकांच्या पोटात जायचा आणि भाऊ इल्वलाने हाक मारली की पोट फाडून बाहेर यायचा. अगस्तींनी त्याला खाल्लं, पोटावरून हात फिरवला, आणि मग इल्वलाच्या हाकेला ओ द्यायला कुणी उरलंच नाही, ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोराला पाठ. त्या गावात उभं राहून मी बादलीत खळीला हाका मारत होतो. ज्याच्यावर मी व्याख्यान दिलं होतं ते अमायलेज आत बसून निवांत जेवत होतं, आणि मी वाढप्याचं काम करत होतो.

शिजलेलं पिष्ट तर त्याला फारच सोपं. लांबच्या लांब साखळ्या कापून ते डेक्स्ट्रिन आणि माल्टोज करतो, आणि माल्टोज म्हणजे साखरेचाच प्रकार. शर्ट वाळला, पण कडक व्हायच्या ऐवजी चिकट झाला. इस्त्रीवाल्याने गरम इस्त्री टेकवली आणि उचलली, तर शर्टही बरोबर उठला. पाठीवर बदामी ठसा. त्याने बोट लावून चाटून पाहिलं.

“सर, शर्टाला पाक घातलाय काय?”

ठसा पाठीमागे आहे, भिंतीला टेकून बसू, असं ठरवून मी शर्ट रात्री खुंटीला लावला. पहाटेच्या अंधारात अंगात चढवला आणि एसटी पकडली. कळसच्या आसपास कॉलरपाशी पहिली हालचाल जाणवली. संगमनेर येईपर्यंत काखेपर्यंत वस्ती झाली होती. लाल मुंग्या.

कार्यालयात चुलता म्हणून मला पुढेच बसवलं. मुलीच्या ओटीत साखरेचा पुडा ठेवायचा मान माझ्या भावाचा, पण मुंग्यांना तो पुडा माझ्यातच दिसत होता. मी एकदा मान झटकली, ती व्याह्यांना नकार वाटली. गुरुजी थांबले. ही दातओठ खात कुजबुजली, “अहो, काय चाललंय?” मी त्याही स्थितीत हळू आवाजात अमायलेजपासून सुरुवात केली.

होणारी सून मायक्रोबायोलॉजीची निघाली. तिने पदर सावरत ऐकलं आणि म्हणाली, “काका, आधी नीट खळबळलं नव्हतं ना? आणि गरम खळीच्या भरवशावर राहू नका. काही अमायलेज उकळत्या पाण्याजवळ नेली तरी काम सोडत नाहीत. पावडर पूर्ण गेली, की मगच खळ.”

“मी हेच सांगून गेले होते,” ही म्हणाली. दोन्हीकडच्या बायका हसल्या. मी उठून नळाकडे पळालो.

अल्बम पुढच्या महिन्यात आला. फोटोग्राफरने पैसे घेताना दिलगिरी व्यक्त केली. बाकी मंडळी छान आली आहेत, म्हणाला, तेवढे काका सगळीकडे हललेत.