कमीत कमी ते जास्तीत जास्त: ॲपच्या पडद्यावर पल्ला मांडण्याची रीत

मोबाइल ॲपच्या पडद्यावर दोन संख्या आणि त्यांच्यामध्ये एक रेघ दाखवणे हे वरकरणी दीड ओळीचे काम आहे. पहिली संख्या घ्यावी, तिला रेघ चिकटवावी, रेघेला दुसरी संख्या चिकटवावी आणि चहाला जावे. नंदुरबारच्या बाजार समितीतले मिरचीचे दर दाखवणारे ॲप या रीतीने एका दुपारी पुरे होते. त्यानंतरची वर्षे तक्रारींना उत्तरे देण्यात जातात. ज्यांना ती वर्षे दुसऱ्या कामासाठी हवी आहेत त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्रथम माहिती कोणत्या रूपात येते ते पाहावे. राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात प्रत्येक शेतमालासमोर जात किंवा प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. नंदुरबार ही मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात ओली लाल मिरची गाड्या भरून येते, लिलाव होतो आणि खरेदी केलेला माल व्यापारी शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात. ओल्या आणि सुक्या मिरचीच्या भावात जमीन-अस्मानाचे अंतर असते. दोन्ही एकाच ओळीत घालून त्यांचा एकच पल्ला दाखवला की ॲप कधीच चुकत नाही, कारण जगातला कोणताही भाव त्या पल्ल्यात बसतो. ज्या ॲपला केवळ बिनचूक राहायचे आहे त्याने हेच करावे. ज्याला उपयोगीही पडायचे आहे त्याने प्रत वेगळी ठेवावी आणि पल्ल्याशेजारी सर्वसाधारण दर न विसरता द्यावा. शेतकरी माल नेतो तो सर्वसाधारण दराच्या हिशेबाने. जास्तीत जास्त दर नेहमी शेजाऱ्याला मिळालेला असतो.

आता रेघ. कीबोर्डवर सहज सापडते ती आखूड रेघ हायफनचेही काम करते आणि वजाचेही, म्हणून तिच्यावर दोन्ही बाजूंनी संशय घेता येतो. पल्ल्यासाठी छापखान्याच्या परंपरेत थोडी लांब रेघ, म्हणजे एन डॅश, वापरतात. युनिकोडमध्ये तिचा क्रमांक २०१३. खरे वजाचिन्ह तिसरेच, क्रमांक २२१२. मिरचीचा भाव शून्याच्या खाली जात नाही (शेतकऱ्याचा नफा जातो, पण तो रकाना तक्त्यात नाही), त्यामुळे बाजारभावाच्या ॲपमध्ये वजाचा प्रश्न उद्भवत नाही असे वाटते. तेच ॲप हवामानही दाखवू लागले की तो उद्भवतो. अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्यातल्या डाब परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. अशा रात्रीचे तापमान उणे एक ते चार अंश असेल आणि प्रोग्रामरने आखूड रेघेवरच भिस्त ठेवली असेल, तर पडद्यावर ‘-१-४’ उमटते. हे तापमान आहे, वजाबाकी आहे की एखादा गट नंबर, हे वाचणाऱ्याने शेकोटीपाशी बसून ठरवावे.

रेघ लांब केली की वजाची अडचण हलकी होते आणि नवी अडचण सुरू होते. ओळ कुठे तोडावी याचे युनिकोडचे नियम आहेत. त्यांनुसार आखूड रेघेनंतर लगेच अंक आला तर तिथे ओळ तुटत नाही. एन डॅशनंतर मात्र तुटू शकते. म्हणजे टंकशास्त्राच्या दृष्टीने अडाणी प्रोग्रामरचा पल्ला एका ओळीत सुखरूप राहतो आणि सुशिक्षित प्रोग्रामरचा लहान पडद्यावर ‘२,५००–’ इथे कापला जाऊन ‘६,०००’ खाली पडतो. यावर उपाय म्हणजे रेघेनंतर लगेच ‘वर्ड जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह घालणे. ते दिसत नसल्याने पुढचा प्रोग्रामर ते निरुपयोगी समजून काढून टाकतो. म्हणून त्याच्या शेजारी टीप लिहावी. टीपही काढली जाईल, पण थोडी उशिरा.

या सगळ्या खटपटीवर मराठीत एक जुना तोडगा आहे, तो म्हणजे ‘ते’. ‘२,५०० ते ६,०००’ यात वजाचा भास होत नाही आणि दृष्टिहीनांसाठी पडदा वाचणारी साधनेही ते सरळ वाचतात. रेघ आली की ही साधने कधी तिला गिळतात, कधी ‘वजा’ म्हणतात. जागा असेल तिथे ‘ते’च वापरावे. तक्त्याच्या अरुंद रकान्यात जागा नसेल तर रेघ दाखवावी, पण वाचून दाखवण्यासाठीचे लेबल ‘ते’ घालून वेगळे द्यावे. ‘ते’ हा शब्द मात्र कोडच्या पोटात लिहू नये. तो भाषांतराच्या फाइलमध्ये, दोन संख्यांच्या रिकाम्या जागांसकट, एका अखंड वाक्यखंडात असावा. उद्या ॲप गुजरातीत न्यायचे ठरले तर अनुवादकाला नुसता ‘ते’ देऊन उपयोग नाही. तो त्याला सर्वनाम समजेल, आणि चूक त्याची नसेल.

गुजरातीचा उल्लेख सोयीसाठी केलेला नाही. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फोनला मात्र फलाटावरची ही सीमा दिसत नाही. त्याला फक्त मालकाने निवडलेली भाषा दिसते. युनिकोडच्या भाषाविषयक माहितीसाठ्यात मराठीसाठी देवनागरी अंक हा मूळ पर्याय आहे. हिंदी आणि गुजरातीसाठी तो इंग्रजी अंकांचा आहे. त्यामुळे एकच भाव एकाच बाकावरच्या दोन फोनवर दोन अंकलिपींत दिसू शकतो आणि दोन्ही बरोबर असतात. खरी गंमत होते ती अर्धे काम संख्या मांडून देणाऱ्या फॉर्मॅटरला आणि अर्धे हाताला दिले की. पल्ल्याचे एक टोक देवनागरी अंकांत येते, दुसरे इंग्रजी अंकांत, आणि मध्ये रेघ दोघांची समजूत घालत उभी राहते. ॲन्ड्रॉइडवर याचीच उलट बाजूही आहे. फोनची भाषा मराठी असताना बेसावधपणे तयार केलेल्या मजकुरात देवनागरी अंक येतात आणि तोच मजकूर सर्व्हरकडे गेला की सर्व्हर त्यांना संख्या मानायला नकार देतो. दाखवायची संख्या आणि पाठवायची संख्या यांचे चूलपाणी वेगळे ठेवावे.

एककाचा मुद्दा याहून जुना आहे. महाराष्ट्रातला तक्ता क्विंटलने भाव सांगतो, गुजरातच्या बाजार समित्यांत वीस किलोचा मण चालतो. ₹५०० ते १,२०० आणि ₹२,५०० ते ६,००० हे दोन पल्ले म्हणजे एकच भाव. सीमेपलीकडचा भाव पाचपट कमी वाटून कुणी गाडी परत वळवली, तर तो दोष एकक न लिहिणाऱ्याचा. ‘प्रति क्विंटल’ हे शब्द पल्ल्याच्या शेवटी एकदा लिहिले की भागते. ₹ हे चिन्ह एकदा द्यावे की दोन्ही टोकांना, हे फॉर्मॅटरला सांगता येते. आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीत २०१८ पासून पल्ल्यासाठी स्वतंत्र फॉर्मॅटर आहे आणि त्यात सामाईक भाग किती गाळावा याची निवड आहे. जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या मानकात पल्ला मांडण्याची सोय २०२३ मध्ये आली.

गाळण्याच्या या कलेत बोलती मराठी यंत्राच्या बरीच पुढे आहे. ‘पाच-सहाशे’ म्हटले की पाचावरचे ‘शे’ गाळले आहे हे लहान मुलालाही कळते, आणि ‘दोन-अडीच हजार’ म्हणताना पहिल्या हजाराची कुणाला आठवणही येत नाही. हे पाहून प्रोग्रामरने ‘५–६००’ असे छापू नये. अंकांत लिहिल्यावर तो पल्ला पाचापासूनच सुरू होतो. ‘२ ते २.५ हजार’ चालते, कारण हजार दोघांचाही आहे. ‘९५ हजार ते १.२ लाख’ यात काहीच गाळता येत नाही; गाळले तर ९५ लाखांपासून उतरणारा पल्ला तयार होतो.

उतरणाऱ्या पल्ल्यांची वेगळी तयारी ठेवावी. बोलण्यात ‘चार-दोन दिवस’ खुशाल चालतात, पण तक्ता भरताना घाईत कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची अदलाबदल झाली तर प्रोग्रामिंगच्या भाषेभाषेचा स्वभाव दिसून येतो. स्विफ्टमध्ये वरचे टोक खालच्यापेक्षा लहान असलेला पल्ला बनवू पाहिले तर ॲप जागच्या जागी बंद पडते. कोटलिन असा पल्ला निमूटपणे रिकामा मानते. एकाच चुकीने आयफोनवर ॲप कोसळते आणि ॲन्ड्रॉइडवर मिरचीचा भाव गुप्त होतो. माहिती आत येतानाच टोके तपासावीत. लहान संख्या गुपचूप पुढे आणून ठेवू नये. कोणता आकडा चुकला आहे हे ॲपला ठाऊक नसते.

दोन्ही टोके सारखी निघाली तर ‘४,२००–४,२००’ असे छापणे हे प्रामाणिकपणाचे टोक झाले. त्या दिवशी एकच लॉट आला असेल; एकदा ४,२०० लिहावे आणि आवक शेजारी दाखवावी. टोके मुळात वेगळी असून पूर्णांकन करताना सारखी झाली, तर मात्र एकच आकडा लिहिणे खोटे ठरते. ४,१८० ते ४,२२० याचे ‘४.२ ते ४.२ हजार’ होते. अशा वेळी आयसीयू अंदाजाचे नागमोडी चिन्ह लावू शकते. मराठी वाचकासाठी ‘सुमारे ४.२ हजार’ हे त्याहून बरे. पूर्णांकनच टाळावे हे सर्वांत बरे, कारण क्विंटलमागचे चाळीस रुपये पडद्यावर जागा खात असले तरी बाजारात किंमत राखून असतात.

शेवटी टोके आत धरायची की बाहेर. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १०० युनिट, मग १०१ ते ३०० अशी चढण आहे. युनिट पूर्णांकात मोजले जात असल्याने १०० आणि १०१ यांच्यामधल्या फटीत कुणी पडत नाही. दशांशात मोजायच्या गोष्टींत पडते. अंगणवाडीत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंडाचा घेर कुपोषण ओळखण्यासाठी पट्टीने मोजतात: ११.५ सेंटिमीटरहून कमी म्हणजे लाल, ११.५ पासून १२.५ च्या आत पिवळा, १२.५ आणि पुढे हिरवा. ॲपमध्ये ‘११.५–१२.५’ आणि त्याखाली ‘१२.५–१३.५’ असे दोन रकाने काढले तर बरोबर १२.५ घेराचे मूल दोन्हीकडे मोजले जाते, ‘११.६ पासून’ असे काढले तर ११.५ घेराचे मूल कुठेच नसते. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर ही गणिताची हौस नव्हे. इथे रेघही नको आणि नुसता ‘ते’ही नको. ‘११.५ किंवा अधिक, पण १२.५ हून कमी’ असे पूर्ण वाक्य लिहावे, आणि ते पडद्यात मावत नसेल तर अक्षर लहान करण्याऐवजी दुसरी ओळ घ्यावी.