हिमनद्यांना नोटीस

आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक संस्थेने २००७च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्यांना २०३५पर्यंत गाशा गुंडाळायची नोटीस दिली. २००९मध्ये भूवैज्ञानिक विजयकुमार रैना यांनी शंका काढली, तर संस्थेचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी ती ‘व्हूडू सायन्स’ म्हणून झटकून टाकली. जानेवारी २०१०मध्ये चूक कबूल झाली. आकड्याचं गोत्र शोधलं, तर ते १९९९च्या एका नियतकालिकापाशी पोचलं! मग विरोधी गोटात दिवाळी: एक साल चुकलं, म्हणजे तापमानवाढच थाप. २०१५मध्ये तर अमेरिकी सिनेटर जेम्स इनहोफ पुरावा म्हणून सभागृहात बर्फाचा गोळाच घेऊन आले. हिमनद्या बिचाऱ्या निरक्षर. ना अहवाल वाचतात, ना भाषणं ऐकतात. आपल्या हिशेबाने वितळताहेत.